जोखमीच्या रकान्यात ‘निरंक’

एका सरकारी रुग्णालयाच्या खरेदी शाखेत माझी सगळी नोकरी झाली, पण ‘निरंक’ हा शब्द दिसला की आजही माझं डोकं सणकतं. खरेदीच्या प्रत्येक फायलीत जोखमीचा एक रकाना असतो. वस्तू वेळेत आली नाही, बिघडली, तर काय होईल ते तिथे लिहायचं. आणि आमची रीत काय? डोळे मिटून ‘निरंक’. म्हणजे धोका काहीच नाही. सुया घ्या नाहीतर एक्स-रेचं मशीन घ्या, निरंक!

डायलिसिससाठी पाणी शुद्ध करायचं मशीन घ्यायचं होतं. माझा सख्खा दादाच तिथे डायलिसिसला यायचा, त्यामुळे पाणी थांबलं की काय होतं हे मला कुणी सांगायला नको होतं. मी लिहिलं, पंप जळला तर सगळं बंद. एक जादा पंप आणि जवळपासचा मेकॅनिक, अशी अट घाला. आमच्या शाखेच्या साहेबांनी फाइल परत ढकलली. “मॅडम, शर्त डालोगी तो रेट बढ़ेगा. और जोखिम लिखोगी तो ऑडिट वाला वहीं उँगली रखेगा. निरंक लिखो ना!” मी ऐकेना, तर त्यांनी स्वतःच लिहिलं. सगळ्यात स्वस्त मशीन आलं, तेही वेळेत. बैठकीत साहेबांची पाठ थोपटली गेली.

भर वैशाखात पंप जळला. पुरवठादार लांबच्या गावचा, फोन केला की म्हणायचा, “बस, निकल ही रहा है.” अहो, तसाच पंप आमच्याच गावात, फ्रीगंजच्या दुकानात पडला होता, मी डोळ्यांनी बघून आले! पण बाहेरचा पंप बसवला की वॉरंटी जाते, आणि वॉरंटी गेली की जाब साहेबांना द्यावा लागतो. जळो मेली ती वॉरंटी! माणसं सुजत होती आणि हे कागद सांभाळत बसले.

दादाला डायलिसिससाठी इंदूरला न्यायला लागलो. देवास गेटच्या स्टँडवर बसच्या पायरीवर त्याचा सुजलेला पाय चढेना. वहिनीने मागून ढकललं, मी वरून ओढलं. धापा टाकत म्हणतो कसा, “तुझं ऑफिस भारी आहे गं. मशीन स्वस्त आणि पेशंट फुकट!” मला हसू आलं नाही.

एका खेपेला तो इंदूरला पोचलाच नाही. वाटेत, बसमध्येच गेला.

पंप त्यानंतर आला. तेराव्याला साहेबही आले, “होनी को कौन टाल सकता है” म्हणाले आणि पंगतीत बसून जेवले.

पुढे दुसऱ्या मशीनची फाइल निघाली. मी रकान्यात लिहिलं, ‘बंद पडल्यास रुग्ण दगावेल.’ साहेबांनी त्यावर रेघ मारली आणि फाइल सहीसाठी माझ्यापुढे सरकवली.

“क्या मॅडम, आज तक कुछ हुआ है क्या? निरंक रहने दो.”

माझ्या घरी, दादाच्या तेराव्याला जेवून गेलेला माणूस हे बोलत होता. मी पेनाला टोपण लावलं. ती फाइल माझ्या सहीशिवाय गेली.