दहीभात खाणारी बंदूक

गेल्या दसऱ्याच्या सकाळी मी आजोबांच्या, म्हणजे आबांच्या, बंदुकीला कुंकू लावलं, दहीभाताचं बोट टेकवलं आणि सवयीनं रिकाम्या बंदुकीचा घोडा मागे ओढून पाहिला. तो अडकेचना. खट्कन परत पुढे! आई दारातून म्हणाली, "बाबू, रुसली वाटते तुह्यावर."

धानाच्या शेतात रानडुकरं शिरली की हिच्या एका बाराच्या आवाजानं बांध्या रिकाम्या होतात. पण परवान्याच्या तपासणीत नादुरुस्त निघाली असती, तर परवाना गेला असता आणि बंदूकही. आबांच्या हातची तेवढीच वस्तू घरात उरली आहे. दुसऱ्याच दिवशी चामोर्शीहून चंद्रपूरची पहिली एसटी धरली. बंदूक गोधडीत, परवाना खिशात.

"काय हाय भाऊ, सनई?" कंडक्टरनं विचारलं.

"बंदूक."

अख्खी बस हसली. मी परवाना काढून दाखवला, तेव्हा शेजारच्या बाई उठून मागे गेल्या. मला खिडकी मिळाली!

वैनगंगेच्या पुलावरून मार्कंड्याच्या देवळाच्या दिशेनं हात जोडले. तुम्ही गेलात तर मूलच्या स्टँडवर तर्रीपोहे खाऊन घ्या. वीस-तीस रुपयांत पोट भरतं. पुढे जंगलातून रस्ता आहे. उजवीकडे बसा, ऊन लागत नाही.

चंद्रपूरचे परवानाधारक बंदूक-मिस्त्री सत्तरीचे. त्यांनी बंदूक खोलली, बोटानं आत खरवडलं.

"हे लाल काय हाय?"

"कुंकू."

"अन् हे वाळलेलं?"

"दहीभात. दर दसऱ्याले."

त्यांनी चष्माच काढला. "बंदूक हाय का जावई?"

दुकानातली गिऱ्हाइकं हसून हसून बेजार. मीही.

"घोडा जिथी अडकते ना, ती खाच तुमच्या दह्यानं खाल्ली. संध्याकाळवरी भरून, घासून देतो. पण पुन्हा जेवू घातलं, तर माह्याकडे आणू नका."

आबांनी घालून दिलेला दहीभाताचा नेम मोडायचा? मी जवळच्या मारुतीच्या देवळात जाऊन बसलो. तिथे पुजाऱ्यानं मूर्तीला आंघोळ घातली आणि मग कोरड्या फडक्यानं कानामागूनसुद्धा पुसून घेतलं, लेकराला पुसावं तसं. देवालाही ओलं ठेवत नाहीत तर!

संध्याकाळी मिस्त्रींनी रिकामा घोडा ओढला. अडकला! मी दुकानातच टाळी वाजवली. परतीच्या बसमध्ये तोच कंडक्टर. "वाजली का सनई?" म्हणाला.

तपासणी पार पडली. आईला मात्र मिस्त्रींची अट सांगायला मला वर्ष लागलं.

"सणाले उपाशी ठेवतं का तिले?" ती या दसऱ्याला दहीभाताची वाटी घेऊन उभीच होती.

मी बंदूक तेलाच्या फडक्यानं पुसली, खाचेपर्यंत. आपट्याची पानं आणि झेंडू पाटावर, बाजूला ठेवले. आईच्या हातातली वाटी घेऊन बंदुकीपासून वीतभर लांब मांडली आणि हात जोडले.

आईनं नैवेद्यापुरती घटकाभर वाट पाहिली. मग वाटी उचलून माझ्यापुढे सरकवली. "घे, तूच खा. आबा असते त हसले असते."

खाल्ला दहीभात.