लाल ठिपक्याची रॅम

बाजारपेठेत त्याला सगळे ‘रिस्टार्ट’ म्हणत. आईवडिलांनी ठेवलेलं चांगलं नाव दुकानाच्या पाटीवर होतं, पण पाटी वाचतो कोण? फोनवर कुणी कसलीही तक्रार सांगायला लागलं, की पुरतं ऐकायच्या आत हा म्हणणार, “बंद करा, पुन्हा चालू करा.” निम्म्या लोकांचं काम तेवढ्यावर भागायचं, हेही खरं. कॉम्प्युटर एकदा त्याच्या टेबलावर आला, की मात्र माणूस बदलायचा. आधी एरर लॉग उघडायचा, यंत्र कधी आणि काय करताना कोलमडलं ते ओळ न ओळ वाचायचा, मग सेटिंग तपासायचा आणि त्यानंतरच स्क्रू-ड्रायव्हरला हात लावायचा. अंदाजपंचे कारभार करणाऱ्यांचा त्याला मनस्वी राग. “आधी त्याचं म्हणणं काय आहे ते तरी ऐका,” असं तो गिऱ्हाइकांना सुनवायचा.

यंत्रांचं ऐकायचा. ताईचं तेवढं ऐकलं नाही.

ताई म्हणजे त्याची थोरली बहीण. उभा जन्म तिने स्वेटर विणले. सांधे आखडले तेव्हा हातातल्या सुया सुटल्या, डोक्यातली नक्षी काही सुटेना. मग यानेच तिला दुकानातला एक जुना कॉम्प्युटर नेऊन दिला. स्क्रीनवर चौकटीच चौकटी. एक चौकट म्हणजे एक टाका. माउस धरून ती सावकाश चौकटी भरायची आणि लोकरीच्या दुकानातली बाई ती नक्षी छापून लोकरीबरोबर विकायची. विणणाऱ्या बायका ताईच्या नव्या नक्षीची वाट बघत. सुया गेल्या तरी ती विणतच होती म्हणा ना.

कॉम्प्युटर मंद चालतो अशी तिची तक्रार आली, तेव्हा त्याने घाईघाईत जास्तीची एक रॅम, म्हणजे मेमरीची पट्टी, बसवून दिली. त्याच्या दुकानाची एक रीत होती. ज्या भागाबद्दल शंका, त्याला बायकोच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका लावून खणात टाकायचं. ठिपक्याचा माल गिऱ्हाइकाला द्यायचा नाही, काही झालं तरी नाही. घरच्यांना चालतो, तात्पुरता. “नवी आली की बदलतो,” असं तो ताईला म्हणाला होता, आणि अगदी मनापासून म्हणाला होता. माणसं मनापासून म्हणतात आणि विसरतात, तसा तोही विसरला.

थोड्याच दिवसांत ताईचे फोन सुरू झाले. “अरे, सगळं निळं झालंय. पांढरी अक्षरं आलीत. वाचून दाखवू का?”

समोर गिऱ्हाईक ताटकळलेलं. “वाचू नकोस. बंद कर, चालू कर.”

एकदा तिच्याकडे जेवायला गेला, तेव्हा हात धुऊन झाल्यावर त्याने यावर इलाज केला. सेटिंगमध्ये एका चौकोनात खूण केली. आता कॉम्प्युटर कोलमडला, तरी आपोआप पुन्हा सुरू व्हायचा. निळी स्क्रीन वाचण्याइतका वेळ टिकायचीच नाही. फोन कमी झाले.

“बंद पडतोच रे अजून,” ती नंतर एकदा म्हणाली. “केलेलं सगळं जातं.”

“तूच काहीतरी भलतं दाबत असशील,” तो हसत म्हणाला.

त्यानंतर तिचा फोन आला नाही. याला वाटलं, चला, कटकट मिटली.

पुढे एक दिवस लोकरीच्या दुकानातली बाई स्वतःचा कॉम्प्युटर दुरुस्तीला घेऊन आली. बोलता बोलता म्हणाली, “तुमच्या ताईंनी सोडलंच की हो नक्षीचं काम. बोटं ऐकत नाहीत म्हणाल्या, भलतंच काहीतरी दाबलं जातं. मी मग दुसरी बाई बघितली.”

 हातातलं काम टाकून, दुरुस्तीच्या सामानाची पिशवी उचलून तो तडक ताईकडे गेला. कॉम्प्युटरवर जुनी चादर घातलेली होती.

“कशाला उघडतोस?” ताई म्हणाली. “तो धडधाकट आहे. माझेच हात गेलेत.”

त्याने लॉग उघडला. ‘अचानक बंद’, ‘अचानक बंद’, खालपर्यंत तेच. सेटिंगमधली आपलीच खूण त्याने काढली आणि वाट बघत बसला. थोड्या वेळाने स्क्रीन निळी झाली आणि या वेळी तशीच राहिली. पांढऱ्या अक्षरांचा रोख सरळ मेमरीकडे होता. कॉम्प्युटरचा डबा उघडला, तर आत लाल ठिपका, त्याने स्वतः लावलेला.  रॅम काढून त्याने पिशवीतली नवी बसवली, मेमरीची तपासणी लावली. ती बिनबोभाट पार पडली.

“ताई, यात नोंद आहे, एका शनिवारी दुपारी हा बंद पडला होता. आठवतं?”

“न आठवायला काय झालं? शालीची नक्षी होती. चहा टाकायला उठले, येऊन बघते तर सगळं गेलेलं.”

“तू तर चहा टाकत होतीस. मग दाबलं कुणी?”

तिने आपली बोटं उलटसुलट करून पाहिली.

“रॅम खराब होती, ताई. मीच बसवलेली. शंकेची आहे हे मला माहीत होतं.”

चिडली असती, चार शब्द सुनावले असते, तर त्याला बरं वाटलं असतं. ती म्हणाली, “म्हणजे मी काही दाबत नव्हते?”

“नाही.”

“मग तू तसं का म्हणालास रे?”

 वेळ मारून न्यायला म्हणालो, हे खरं होतं आणि सांगायची लाज वाटत होती. गिऱ्हाइकाला आपण असं कधी म्हटलं नसतं, हे त्याला बसल्या जागी कळत होतं.

खुर्ची तिच्याकडे सरकवून तो म्हणाला, “बस. कर सुरू. आता नाही पडायचा बंद.”

ती बसली. माउसपर्यंत हात नेला आणि मागे घेतला. दोन्ही हात मांडीवर ठेवून म्हणाली, “तू दाब. मी सांगते.”

“अगं, तुझे हात चांगले आहेत.”

“असतील. तू दाब.”

तो शेजारी स्टूल ओढून बसला आणि माउस हातात घेतला. तिने स्क्रीनवरची एक चौकट दाखवली.

“हळू दाब हं,” ती म्हणाली. “नाहीतर बंद पडायचा.”

त्याने हळू दाबलं.