बॉनेटवरचं स्वस्तिक

आमची पांढरी गाडी बदलायची ठरली ती ह्यांच्या गुडघ्यांमुळे. गाडी बुटकी. जेसल पार्कातल्या आमच्या घरून कुठेही निघायचं म्हटलं की बसताना एकदा "आई गं" आणि उतरताना दोनदा. उंच गाडी शोरूममध्ये बसून बघितली, ह्यांना आवडलीही. पण जुनीचा भाव चांगला आला तरच ती झेपणार होती.

मग काय, हे लागले जुनीला नटवायला. सीटा पुसल्या, चटया उन्हात टाकल्या, आणि बॉनेटपाशी येऊन अडले. दर दसऱ्याला मी तिथे ओल्या कुंकवाने स्वस्तिक काढायची, त्याचा गुलाबी डाग पांढऱ्या रंगात मुरला होता. घासून जाईना. "हे बघून भाव पाडेल शोरूमवाला," म्हणाले, आणि मला न विचारता खारी गावातल्या गॅरेजात बॉनेट रंगवून आणलं. चकाचक! मलाही बरंच वाटलं हो.

जुनीचा भाव ठरवायला शोरूमचा माणूस आला. सीटांकडे ढुंकून बघितलं नाही. बॉनेट बोटाने वाजवलं, तिरका होऊन उजेडात न्याहाळलं. "अंकल, आगे से ठुकी है क्या?"

"ठुकी?" हे लालबुंद. "अरे, सायकलवाले ओवरटेक करते हैं मुझे!"

"फिर नया कलर क्यूं मारा? भाव कम होगा."

ह्यांचा चेहरा पडला. मला मात्र राहवेना. पदर खोचला आणि विचारलं, "तुझे समझा कैसे, बाबा?" त्याने दाखवलं. बाजूचा पत्रा किंचित पिवळट आणि बॉनेट दुधासारखं. कडेच्या काळ्या रबरावर रंगाचे बारीक तुषार. मी वाकून बघतच राहिले. रोजची गाडी, पण अशी कधी बघितलीच नव्हती!

"अब मेरा देख," म्हटलं, आणि त्याला मागे नेलं. डिकीवरही मी दरवर्षी एक छोटं स्वस्तिक काढायची. ते पुसायचं हे विसरले होते. फिकट, पण सगळं जागच्या जागी.

तो हसायलाच लागला. "पूजा का दाग छुपाया?" मग त्याने बॉनेट उघडलं. "ये बोल्ट देखो आंटी. पाना लगा ही नहीं. ठुकी होती तो बॉनेट निकालना पडता." बोल्टांवर जुना रंग तसाच होता, ओरखडाही नाही. भाव पुन्हा वर गेला. जाता जाता म्हणाला, "दाग रहने देते तो मैं पूछता भी नहीं."

पुढच्या दसऱ्याला नव्या उंच गाडीसाठी मी वाटीत चिमूटभर कुंकू कालवत होते. हे "आई गं" न म्हणता गाडीतून उतरले, वाटीत आणखी कुंकू ओतलं आणि म्हणाले, "ठसठशीत काढ. आणि मागचं विसरू नकोस."