खाली पडलेली ठिणगी

माझ्याच हाताखाली तयार झालेल्या मुलीनं मला फसवलं. माझं डिझाईन स्वतःचं म्हणून ती धाराशिवच्या प्रदर्शनात मांडून बसली होती.

मी विणलेल्या कपड्यांची डिझाईनं करते आणि मशीनवरचं विणकाम शिकवते. इथल्या उन्हात स्वेटर कोण घालणार म्हणून हसणाऱ्यांच्याच गळ्यात मी सुती दोऱ्याचे टॉप मारलेत, तेही मी सांगेन त्या किमतीला. मला कुणी शिकवलं नाही. जुनं मशीन खोलून, पुन्हा जोडून शिकले.

ते डिझाईन मला तेरखेड्याच्या फटाक्यांवरून सुचलं. वर जाऊन फुटलेला बाण आणि चहूकडं ठिणग्या. मशीनला नक्षी कळते ती भोकं पाडलेल्या कार्डावरून; भोक असेल तिथं ते दुसऱ्या रंगाचा दोरा घेतं. माझं एक भोक चुकलं आणि प्रत्येक बाणाखाली एक सुटी ठिणगी उमटली. मी चिकटपट्टी लावून ते बुजवणार होते. तेव्हा माझ्याकडं शिकत असलेली तीच म्हणाली, "असू द्या की मावशी. एक तरी खाली येऊ द्या. सगळ्या वर जाऊन काय करणार?"

मी ठेवली.

वर्गात ती मला मॅडम म्हणायची, जेवताना मावशी. मशीनवरून उतरलेलं कापड कडांनी आत वळतं. दोघींनी दोन टोकं धरून ओढलं की टाके नीट बसतात. दुसरं टोक कायम तिचं. ओढता ओढता मुद्दाम हिसका देऊन मला पुढं खेचायची आणि हसायची. कळंबला स्वतःचा वर्ग काढते म्हणाली, तेव्हा भांडखोर म्हणून गावभर नाव असलेली मी एका शब्दानं भांडले नाही. माझ्याकडच्या चांगल्या सुया दिल्या. त्यानंतर तिचा फोन नाही.

प्रदर्शनात तिच्या टेबलावर त्याच नक्षीची शाल होती, खालच्या ठिणगीसकट. एका बाईला ती सांगत होती, "माझंच डिझाईन आहे. मनानं काढलंय."

मी गिऱ्हाईकासारखी पुढं झाले. भाव विचारला आणि सवयीनं निम्मा करून मागितला. तिनं मान वर केली. मला बघितलं.

"परवडत न्हाय, ताई."

ताई.

"ही खालची ठिणगी चुकलीय," मी म्हणाले. "चुकलेल्या मालाला एवढा भाव?"

"चुकली न्हाय. तशीच काढलीय."

"कुणी?"

ती शालीची घडी घालायला लागली. ती बाई मला म्हणाली, "घ्यायचं नसंल तर सरका की जरा. आमाला बघू द्या."

मी सरकले.

आता कापडाचं दुसरं टोक मी खिडकीच्या गजाला बांधते. गज ओढत नाही. ताण एकाच बाजूनं बसतो, कापड तिरकं होतं, मग सोडून पुन्हा बांधते. डबा मशीनशेजारीच खाते. मशीन थांबलं की खोलीत कसलाच आवाज नसतो.

शाल विकायची तर विक. वर्गही चालव. पण एखादी पोर तुला विचारेलच, मॅडम, ही एकच ठिणगी खाली का? तेव्हा तू काय सांगशील? भोक कुणाच्या हातून चुकलं, आणि ते राहू द्या असं कुणाला म्हणाली होतीस? मला तुझ्या तोंडून ऐकायचंय. त्या पोरींच्या देखत, मला समोर उभं करून. उत्तर दे.