मुलीला आलेली हाक

जेवताना मुलीनं सांगितलं, "पप्पा, मला कॉन्व्हेंटात जाऊन सिस्टर व्हायचंय. देवानं बोलावलंय मला."

तिच्या आईनं क्रुसाची खूण केली आणि रडायला लागली. आनंदानंच. माझा घास हातातच राहिला. मला आनंद झाला की दुसरं काही, ते आजही नीट सांगता येत नाही.

माझं डहाणू रोडला शिवणकामाचं दुकान आहे. लहानपण तलासरीला, मिशनच्या बोर्डिंगात गेलं. तिथल्या सगळ्या प्रार्थना मला तोंडपाठ होत्या. आपण बोलायचं आणि देवानं ऐकायचं, एवढंच मला ठाऊक. देव उलट बोलतो हे कोणी शिकवलंच नव्हतं.

"बोलावलं म्हणजे कसं? आवाज आला?" मी विचारलं.

"आवाज नाही हो. चर्चमध्ये मिस्सा संपल्यावर बसून राहिले होते, आणि कळलं."

"काय कळलं?"

"कळलं, पप्पा. आता कसं सांगू?"

एकुलती एक मुलगी, नुकतीच कॉलेज संपवलेली. मी आमच्या फादरांकडे गेलो. म्हटलं, "फादर, हे देवाचं बोलावणं की पोरीच्याच मनाचं, ओळखायचं कसं?"

ते म्हणाले, "तुम्हीही ऐकून बघा. काही मागू नका, नुसतं बसा."

दुपारी दुकान बंद असतं, तेव्हा मी चर्चमध्ये जाऊन बसू लागलो. ऐकू काय यायचं, तर पंख्याची करकर आणि बाहेर रिक्षावाल्याशी गुजरातीत चाललेली कोणाची तरी घासाघीस. डोळे मिटले की अर्धवट राहिलेल्या ब्लाउजच्या बाह्या दिसायच्या. असे बरेच दिवस गेले. मग एका दुपारी मनात अगदी स्पष्ट आलं, तिला जाऊ देऊ नकोस. आणि तेही मराठीत नाही, माझी आई घरी बोलायची त्या वारलीत. मी दचकून उठलोच.

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "देव कशाला असं सांगेल? तुमच्या पोटातली भीती बोलली ती."

"आणि पोरीच्या पोटातलं काय बोललं मग?"

ती उठून भांडी घासायला गेली. मुलीला मी यातलं काही सांगितलं नाही. ठरल्या दिवशी तिची बॅग घेऊन मीच तिला कॉन्व्हेंटवर सोडून आलो.

त्यानंतरही दुपारचा चर्चमध्ये जात राहिलो. पण नुसतं बसवेना. फादरांनी नको म्हटलेलं तेच करू लागलो, मागू लागलो. तिला घरी पाठव.

पावसाळ्यानंतर ती परत आली. रिक्षातून उतरली आणि दारातच म्हणाली, "पप्पा, सगळं गप्प झालं. बसते, पण काहीच नाही. सिस्टर म्हणाल्या, घाई नको, घरी जाऊन बघ."

मी इतका खूश झालो की तिची बॅग उचलायचंही सुचलं नाही. थोड्या वेळानं मनात आलं, हे माझ्या मागण्यानं झालं का? देवानं माझं ऐकलं असेल, तर तिला बोलावलं ते कोणी? आणि ऐकलंच नसेल, तर ती परत का आली?

चहा घेताना न राहवून तिला सांगून टाकलं, "मी मागत होतो गं, तू यावीस म्हणून."

तिनं कप खाली ठेवला. "आणि आई मागत होती, मी राहावं म्हणून. मला राग नाही आला, पप्पा. पण कोणाबद्दल काय वाटून घ्यायचं तेच कळत नाहीये."

हल्ली ती सायवनकडच्या एका शाळेत शिकवते. मुलं तिच्याशी वारलीत बोलतात आणि ती घरी येऊन मला शब्दांचे अर्थ विचारते. बरं चाललंय का विचारलं, तर हो म्हणते. परत जाणार का, हे आम्ही दोघांनीही अजून विचारलेलं नाही.

मला मात्र आता कोणासाठी काही मागायचं म्हटलं की अडखळायला होतं. परवा शेजारच्या काकी म्हणाल्या, "गुडघ्याचं ऑपरेशन आहे, प्रार्थना करा हो." हो म्हटलं आणि बसलो. काय मागावं ते ठरेना. ऑपरेशन नीट होऊ दे, एवढं म्हणायलाही जीभ वळेना. शेवटी काकींचं नुसतं नाव घेतलं आणि उठलो.