दाब-सोड

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही — आणि जिला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं, तिला तर नाहीच. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असता तर हेही जमलं नसतं.

नाशिकला गंगापूर रोडवर माझं मोटार ड्रायव्हिंग स्कूल. नव्वदच्या सुमारास काढलं, एक जुनी गाडी आणि एक पाटी घेऊन. क्लच, गिअर, वळण सगळेच शिकवतात. माझं नाव झालं ते ब्रेकमुळे. ओल्या रस्त्यावर ब्रेक एकदम दाबून ठेवला की चाकं जाम होतात आणि गाडी घसरत जाते. म्हणून पायानं दाबायचं, सोडायचं, परत दाबायचं. दाब-सोड, दाब-सोड. शिकणाऱ्याच्या बाजूला बसून मी स्वतःच्या मांडीवर थाप मारून ठेका द्यायचो. रस्त्यात भेटलेले जुने विद्यार्थी नमस्काराच्या आधी मांडीवर थाप मारून हसायचे. मला त्याचा फार अभिमान होता. फारच.

मग ती एबीएसवाली भानगड आली.

एबीएस म्हणजे काय? तर ही दाब-सोड गाडी आपली आपण करते, माणसापेक्षा कितीतरी भरभर. माणसानं फक्त पाय घट्ट दाबून धरायचा आणि उचलायचा नाही. झालं. आज मला हे दोन वाक्यांत सांगता येतं. दोन हजार तीन-चार साली येत होतं का? नव्हतं. आणि येत नाही असं म्हणायला माझी जीभ रेटत नव्हती.

तेव्हा नवीन, महागड्या गाड्या घेतलेले लोक माझ्याकडे यायचे. शोरूमवाले धड उत्तर देत नाहीत म्हणून यायचे — आणि डोकं खायचे! ब्रेक मारला की पायाखाली थरथरतं, सर. खडखड आवाज येतो, सर. पिवळा दिवा लागलाय, तो जातच नाही, ब्रेक लागेल ना? एकानं तर त्या दिव्यावर चिकटपट्टीच लावली होती, बायको घाबरते म्हणून. काहींच्या गाडीत खरंच बिघाड होता, काहींच्या नव्हता. कुणाच्या होता आणि कुणाच्या नव्हता हे मला कसं कळणार? मी एबीएसची गाडी चालवलीच नव्हती. पण कुणी विचारलं की सांगायचो, चालवली ना, मुंबईला मेव्हण्याची. मेव्हण्याकडे स्कूटर होती.

मंगलाताई बोरस्ते माझ्याच विद्यार्थिनी. म्हसरूळला राहायच्या, दिंडोरीच्या पुढे एका शाळेवर शिक्षिका. त्यांच्या घरात बाईनं गाडी चालवायची ही कल्पना कुणाला पचत नव्हती. नवरा गप्प, दीर टोमणे मारणारा. एकटे सासरे ठाम. त्यांना सगळे अण्णा म्हणत. द्राक्षबागायतदार माणूस, डोक्याला टोपी, बोलणं रोखठोक. सुनेला माझ्याकडे घेऊन आले तेव्हा म्हणाले, "सर, हिला असं शिकवा की घरातले समदे गप बसले पायजेत."

शिकवलं. मंगलाताईंसारखी शिकणारी माणसं थोडी. सांगितलं की तसंच करणार, एकदाही उलट नाही. दाब-सोड तर इतकी पक्की बसली की मी ठेका देणं थांबवलं. पुढे द्राक्षाला एक चांगलं साल आलं आणि अण्णांनी वरच्या मॉडेलची गाडी घेतली, एबीएसवाली. रोज सकाळी मंगलाताई चालवायच्या आणि अण्णा शेजारी बसून बागेपर्यंत जायचे.

महिन्याभरात त्या गाडीचं पुस्तक घेऊन माझ्याकडे आल्या. ब्रेक जोरात दाबला की पाय थरथरतो म्हणाल्या. पुस्तकात बोट ठेवून दाखवलं — सर, यात लिहिलंय, पाय उचलू नका, दाबूनच धरा. मग तुमची दाब-सोड करायची का नाही?

त्या दिवशी सकाळपासून तिसरा एबीएसवाला गाठ पडला होता. मी वैतागलो होतो. पण वैतागलो म्हणून तसं बोललो, असं म्हणणार नाही. मला राग आला तो 'तुमची' या शब्दाचा. पंधरा वर्षांची माझी विद्या, आणि एक पुस्तक तिला जाब विचारतंय! मी ते पुस्तक मिटलं. उघडून वाचलंसुद्धा नाही. म्हणालो, "मॅडम, पुस्तकं वाचून गाडी चालत नाही. थरथरलं की समजायचं चाक जाम होतंय. पाय उचला, परत दाबा. मी चालवलीय ही गाडी."

"बरं सर," म्हणाल्या. आणि गेल्या.

अपघात दिवाळीनंतर झाला. त्या दिवसांत दिंडोरी रोडला सकाळी जाऊन बघा, दर बागेतून फवारणीचा ट्रॅक्टर बाहेर पडत असतो, आणि त्याच्या चाकांचा चिखल डांबरावर. असाच एक ट्रॅक्टर बांधावरून एकदम रस्त्यावर आला. मंगलाताईंनी ब्रेक दाबला. पाय थरथरला. त्यांनी पाय उचलला, परत दाबला, परत उचलला. गाडीची डावी बाजू जाऊन ट्रॅक्टरमागे जोडलेल्या फवारणी यंत्राच्या पंख्यावर आदळली. अण्णांचा डावा गुडघा गेला. मंगलाताईंना खरचटलंसुद्धा नाही, आणि घरात तेच त्यांना ऐकवलं गेलं.

मी काय केलं? मी पेटून उठलो. एबीएसच्या तक्रारी घेऊन फिरणाऱ्या आठ-दहा मालकांना गोळा केलं आणि शोरूमवर गेलो. सगळ्यांच्या पुढे मी. टेबलावर हात आपटला. ब्रेक लागत नाही, माणसं अपंग व्हायला लागली, आणि तुम्ही आम्हाला चहा पाजता? लोक माझ्याकडे कौतुकानं बघत होते. शेवटी पुण्याहून एक इंजिनिअर आला. शांत, बारीक आवाजाचा माणूस. मंगलाताईंची गाडी दुरुस्त होऊन तिथेच उभी होती, त्यांनाही बोलावून घेतलं होतं. त्यानं शोरूममागच्या सिमेंटच्या मैदानात चिखलाचा पातळ थर पसरायला लावला, वर पाणी मारलं आणि म्हणाला, मॅडम, त्या दिवशी मारला तसाच ब्रेक मारून दाखवा.

त्यांनी मारला. काचेतून मला त्यांचा गुडघा वरखाली होताना दिसत होता. दाब-सोड, दाब-सोड. माझा ठेका, जसाच्या तसा. गाडी चिखलावरून पार पुढे गेली.

मग तो इंजिनिअर बसला. त्यानं पाय एकदा दाबला आणि उचललाच नाही. गाडी खडखडली आणि निम्म्या अंतरात थांबली.

कळलं मला. त्याच क्षणी सगळं कळलं. नंतर घरी गेल्यावर कळलं वगैरे नाही.

त्यानं काच खाली करून विचारलं, "मॅडम, पाय का उचलत होता? कुणी शिकवलं असं?"

मंगलाताईंनी माझ्याकडे बघितलं. अर्धा सेकंद असेल. मी चार हातांवर उभा होतो. एक शब्द बोलायचा होता, 'मी'. त्या वाट बघत होत्या का? मला वाटतं, बघत होत्या. मग त्यांनीच मान वळवली आणि म्हणाल्या, "कुणी नाही. मी घाबरले."

आणि मी काय बोललो माहीत आहे? मी मोठ्यानं म्हणालो, ते राहू द्या, या साहेबांच्या पिवळ्या दिव्याचं काय ते आधी सांगा.

एवढंच असतं तरी बरं होतं. भेकड निघालो, म्हणून मोकळा झालो असतो. पण खरं सांगायचं ते पुढेच आहे.

पंधरा दिवसांनी अण्णा आले. रिक्षातून उतरायला त्यांना वेळ लागला. काठी टेकत आत आले आणि माझ्यासमोर बसले. म्हणाले, घरातले म्हणतात पोरीचा हात कच्चा आहे, तिला परत गाडीवर बसू द्यायचं नाही. आपला काही विश्वास बसत नाही. तुम्ही शिकवलंय, तुम्ही सांगाल ते खरं. "सर, पोरीचं काय चुकलं हो? तुम्ही म्हना तिचं काय चुकलं नाय, मी उद्याच्याला तिच्याशेजारी बसतो. ह्या असल्या पायानं बसतो."

असं कुणी तुमच्यापुढे येऊन बसलं, तर तुम्ही काय सांगाल?

मी सांगितलं, "अण्णा, शिकवून शिकवणार किती? ऐनवेळी बायका घाबरतात."

त्यांनी काठीची मूठ धरली. मग "बरं" म्हणाले आणि उठले. त्यांना रिक्षात बसवायला मी हात दिला, तो त्यांनी धरला. गाडी दिराकडे गेली. अण्णा आणखी सहा वर्षं जगले. सुनेच्या शेजारी परत बसले नाहीत.

मंगलाताई तेव्हापासून एसटीनं शाळेला जाऊ लागल्या. मी दाब-सोड बंद केली, गुपचूप. नव्या मुलांना शिकवायला लागलो की पाय दाबून धरा. ठेका गेला. लोक म्हणाले, सर काळाबरोबर बदलले.

पुढे बऱ्याच वर्षांनी एकदा दिंडोरी नाक्यावर शिकाऊ गाडी सिग्नलला थांबली होती. स्टिअरिंगवर एक नवीन मुलगी होती, हातापायाला घाम फुटलेला. मंगलाताई बसची वाट बघत उभ्या होत्या. मला बघून पुढे आल्या, खिडकीशी वाकल्या, माझी तब्येत विचारली. मग त्या मुलीला म्हणाल्या, "सर फार छान शिकवतात हं. तू फक्त घाबरू नकोस. मी घाबरले ना, म्हणून माझ्या हातून झालं तसं."

त्यांच्या तोंडाकडे मी नीट बघितलं. मैदानावर हेच म्हणाल्या होत्या, तेव्हा मला वाचवत होत्या. आता वाचवत नव्हत्या. इतक्या वर्षांत त्यांनाही ते खरं वाटायला लागलं होतं.

सिग्नल सुटला. मी मुलीला म्हणालो, चल, पहिला गिअर टाक.

त्या घाबरल्या नव्हत्या. मी सांगितलं होतं तसंच त्यांनी केलं होतं.