वैजूचा आवाज किती ठेवायचा?

कुकटपल्लीच्या ऑफिसात मीटिंग चालू असताना दिनेशचा फोन आला. दिनेश म्हणजे वैजूचा, आमच्या जुन्या बँडच्या गायिकेचा, धाकटा भाऊ. "संजूदादा, ताई गेली," एवढंच बोलला... चार दिवसांच्या तापाचं निमित्त झालं. खोटं कशाला सांगू, दुःख नंतर आलं, आधी आली ती भीती. तिच्याजवळ एक गोष्ट कबूल करायची राहिली होती. आता ती कुणापाशी करणार?

नारायणगुड्यात तिच्या वडिलांचं हार्डवेअरचं दुकान. वरच्या पोटमाळ्यावर, रंगाचे डबे बाजूला सारून, आम्ही चौघं वाजवायचो, म्हणून बँडचं नावही 'पोटमाळा'. सुरुवातीला दुसऱ्यांची इंग्रजी गाणी. मग वैजू मराठीत लिहायला लागली, तेही तेलुगू लिपीत, कारण शाळा तेलुगू आणि मराठी फक्त घरात बोलण्यापुरती. हळूहळू गाणी वीस-वीस मिनिटांची झाली. मध्येच ड्रम थांबायचा, कुणीतरी दुकानातला लोखंडी पाइप वाजवायचा आणि वैजू बोलता बोलता गायला लागायची. नामपल्लीला प्रदर्शनाच्या मैदानात वाजवलं तेव्हा अर्धे लोक मिरची भजी खायला उठून गेले. उरलेले मात्र शेवटपर्यंत जागचे हलले नाहीत.

मी पुण्याचा, नोकरीसाठी इथं तेलुगू मुलखात आलेला, शुद्ध बोलण्याचा माज बरोबर घेऊन. आमच्या अल्बमचं मिक्सिंग, म्हणजे कुणाचा आवाज किती ठेवायचा ते ठरवणं, माझ्याकडे होतं. वैजू गाण्यातसुद्धा 'जायलाय', 'करायलीस' म्हणायची, मध्येच हो-नकोच्या जागी 'हौ' आणि 'नक्को'. पुण्याचे मित्र हे ऐकून हसतील याची मला इतकी धास्ती, की मी माझ्या गिटारचे थरावर थर चढवले आणि तिचा आवाज खाली दाबला. तिला सांगितलं, आपण वाजवतो त्या आर्ट रॉकमध्ये गळा हेही एक वाद्यच असतं. ती म्हणाली, "हौ का? मंग माझी आई विचारायलीय, गाणारी कुठं गेली म्हणून. तिला काय सांगू?" मी ते हसण्यावारी नेलं.

वर्षभरात ती वेगळी झाली. भांडणतंटा काही नाही. एकटी गायची, साथीला फक्त एक ढोलक, इथल्या लग्नघरात बायका वाजवतात तशी. तिच्या पहिल्या अल्बममधला शब्द न् शब्द ऐकू यायचा. पुण्यात कुणीही हसलं नाही. उलट एका मित्रानं मला विचारलं, "ही तुमच्या बँडमध्ये होती? मग आम्हाला ऐकू कशी आली नाही?" चोराच्या मनात चांदणं. तिला भेटताना दरवेळी वाटायचं, आज ही विचारणार. ती विचारायची, "जेवलास का रे?" आणि मी कबुली पुन्हा उद्यावर ढकलायचो.

तेराव्यानंतर दिनेशनं एक हार्ड डिस्क आणून दिली. तिच्या नव्या अल्बमची सहा गाणी, अर्धवट. "आई म्हणायलीय, तुमीच पुरं करा दादा. बाहेरच्याला द्यायचं नाही." मी डिस्क हातात घेतली. याच हातांनी एकदा तिला दाबलं होतं, पुन्हा तेच झालं तर सांगायलाही ती नाही.

वैजूची एक सवय होती. रेकॉर्डिंग सुरू झालं की गाण्याआधी ती कुणी कुठं वाजवायचं ते सांगून घ्यायची, आणि आम्ही ते नंतर कापून टाकायचो. यात ते कापायचं राहिलं होतं. पहिली फाईल लावली. घसा खाकरल्याचा आवाज आला, मग ती. "संजू, दुसऱ्या कडव्यानंतर तुझ्यासाठी जागा ठेवलीय बघ. पोटभर वाजव. पण या बारीला माझा आवाज दाबू नको रे, हौ?"

म्हणजे मी तो मुद्दाम दाबला होता हे तिला पहिल्यापासून ठाऊक होतं... आणि तरी तिनं जागा ठेवली.

आठ दिवस झाले. रोज ती फाईल लावतो, एवढंच ऐकतो, आणि गाणं सुरू व्हायच्या आत बंद करतो, कारण ते सुरू झालं की तिचा आवाज पुन्हा माझ्याच हातात.